इथी माणसानं पाहावं

संघप्रिया खोब्रागडे पहिल्यांदा नजरेत भरली ती एका न सोडवलेल्या गणितामुळे. कुरखेड्याजवळच्या गावातली शाळा, सहावीचा वर्ग, सहामाही परीक्षा. रामाजी गुरुजींनी पुस्तकातलं गणित न देता मुलांना ओळखीचं वाटावं म्हणून स्वतःच्या मनचं दिलं होतं. एका पोत्यात चोवीस पायल्या धान मावतं, तर साडेसात पोत्यांत किती पायल्या? वर्गातल्या सगळ्यांनी काही ना काही आकडा काढला होता. एकाच पेपरावर आकड्याच्या जागी प्रश्न होता: ‘कोणती पायली? शिगेची का सपाट?’

गुरुजींनी लाल फुली मारली आणि दुसऱ्या दिवशी तिला टेबलाजवळ बोलावलं.

“काऊन वं, गणित येत नाई तं मास्तरलेच प्रश्न विचारतं का?”

“येते गुरुजी. एकशे ऐंशी.”

“मंग लिवलं काऊन नाई?”

“आमच्या गावात पायली सपाट मोजते. माह्या आजीच्या गावात काठाच्या वर ढीग रचून शीग लावते. आजीकडचं पोतं आमच्या घरी मोजलं का पायल्या बदलते. तुमी कोन्या गावचं पोतं ते सांगतलंच नाई.”

दोन वेण्या, एका वेणीची रिबीन सुटलेली, डोळे जमिनीवर. बोलण्यात उद्धटपणा नव्हता. खरोखरच माहिती हवी होती. गुरुजींनी पेपर परत घेतला, लाल फुलीचा एक पाय लांब ओढून तिची बरोबरची खूण केली आणि वर्गाला म्हणाले, “हे पोरगी अंदाजपंचे काई सांगत नाई. तुमीबी सांगू नोका.” वर्ग हसला. पुढे वर्षभर तिला पोरं ‘शिगेची पायली’ म्हणून चिडवत.

तिचे वडील देवाजी उन्हाळ्यात सती नदीच्या काठी वीटभट्टीवर विटा थापायचे, उरलेलं वर्ष दीड एकर धानात. आई बायनाबाई शाळेतच मुलांचा पोषण आहार शिजवायची. घरात बाबासाहेबांचा फोटो आणि त्याखाली मुलीची पुस्तकं. ‘शिकली पाह्यजे’ हे त्या घरात वेगळं सांगावं लागत नव्हतं. दहावी झाल्यावर ती चंद्रपूरला गेली, ऊर्जानगरला मामांच्या क्वार्टरमध्ये राहून कॉम्प्युटर शिकली, आणि शहरातल्याच एका छोट्या कंपनीत कंत्राटावर लागली.

कंपनी म्हणजे टायरच्या दुकानावरच्या तीन खोल्या आणि सात माणसं. मालक धनराजभाऊ आधी कॉम्प्युटर दुरुस्त करायचे. बोलायला गोड, कोणाच्या घरी आजारपण निघालं तर स्वतःची गाडी काढणारे. वेबसाईटचं काम पुण्याच्या एका मोठ्या कंपनीकडून यायचं, आणि सातही घरं त्या एकाच कामावर चालायची. कामाचा मुख्य प्रफुल; हुशार, सालस, पण भाऊंनी ‘हो’ म्हटलं की त्याचंही ‘हो’ आणि ‘नाई’ म्हटलं की ‘नाई’.

त्या वर्षी पुण्याहून काम आलं ते असं, की दोनशे सत्तावीस वेबसाईटी जुन्या साधनावरून नव्या साधनावर न्यायच्या. जुन्याचं नाव वेबपॅक, नव्याचं वीट. दिवाळीला घरी गेली तेव्हा आईनं विचारलं, तू नेमकं करतेस काय? तर संघप्रियानं चुलीपाशी बसून समजावलं.

“तू सुट्टीवर जातं तवा दुसऱ्या बाईले चिठ्ठी ठेवून जातं ना? तांदूळ कुठी हाय, दाळ कोन्या डब्यात, मीठ केवढं, वाढाचं कुठी. तशी हरेक वेबसाईटची चिठ्ठी असते. जुना सयंपाकी वेबपॅक. आता नवा आला, वीट. त्याले जुनी चिठ्ठी वाचता येत नाई. तं मी ते नव्याच्या भाषेत लिवून देतो.”

“वीट?” बायनाबाई म्हणाली. “भट्टीची?”

“नाव हाय वं त्याचं. भट्टीची नाई.”

देवाजी दारात बसून ऐकत होते. “बाप इटा थापून थापून वाकला,” ते म्हणाले, “अन् पोरगी येवढी शिकली तं कॉम्प्युटरात इटाच थापून राह्यली.”

तिघंही हसली. बायनाबाईनं मात्र ते मनावर घेतलं आणि शेजारणीला अभिमानानं सांगून आली, की संघाची कंपनी विटांचं मोठं काम करते.

हातानं एक चिठ्ठी बदलायला अर्धा दिवस लागायचा. सहा जणं तेच करत बसली होती आणि चुका होत होत्या. दोन्ही भाषांत काही शब्द सारखे दिसायचे आणि अर्थ निराळा असायचा. ‘पब्लिक’नं सुरू होणारा एक शब्द जुन्या चिठ्ठीत पत्ता सांगायचा, म्हणजे सामान कोणत्या पत्त्यावर मिळेल; जवळपास तसाच शब्द नव्या चिठ्ठीत कपाट सांगायचा, म्हणजे सामान ठेवलंय कुठे. प्रफुलनं तीन वेबसाईटींत पत्ता कपाटाच्या जागी लिहिला आणि तिन्हींची चित्रं गायब झाली. संघप्रियाला आजीच्या गावची पायली आठवली.

दिवाळीनंतर गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते, पोरीबाळी माहेरी येतात. ती पाच दिवसांची सुट्टी तिनं ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये काढली आणि एक प्रोग्राम लिहिला. जुनी चिठ्ठी त्यात घातली की नवी आपोआप बाहेर पडायची. शब्दाला शब्द ठेवणारा तो प्रोग्राम नव्हता. आधी पूर्ण वाक्य वाचायचा, कोण कोणाला काय सांगतंय ते पाहायचा, मग लिहायचा. आणि जिथे अर्थ पक्का कळत नसेल तिथे थांबायचा. तिथे तो काहीबाही भरत नसे. एक ओळ लिहून ठेवी, आणि ती ओळ कोणी काढेपर्यंत ती वेबसाईट पुढे सरकत नसे.

ती ओळ आधी इंग्रजीत होती. पण तिनं प्रफुलला पाहायला दिली तर तो त्यावरून सरळ पुढे गेला. असल्या इंग्रजी सूचना प्रत्येक फाईलमध्ये वर्षानुवर्षं पडून असतात. रस्त्याकडेच्या जुन्या पाटीसारख्या त्या कोणाला दिसत नाहीत. म्हणून तिनं ती आपल्या बोलीत लिहिली: ‘इथी माणसानं पाहावं.’ दुसऱ्यांदा दिली तेव्हा प्रफुल थबकला आणि हसायला लागला.

“हे तं माही आजी बोलून राह्यली बे!”

“थांबले ना तुमी?”

“थांबलो.”

“बस. तेच पाह्यजे.”

एका दुपारी दोनशे सत्तावीस चिठ्ठ्या निघाल्या. एकशे शहाऐंशी सरळ, एक्केचाळीस अडलेल्या. त्या अडलेल्यांतल्या बहुतेकांची भानगड एकच होती. प्रत्येक वेबसाईटजवळ काही वेगळ्या नोंदवून ठेवलेल्या गोष्टी असतात. काही दाखवायच्या, जसं साईटचं नाव. काही कुलुपातल्या, जसं कंपनीच्या नावानं ईमेल पाठवण्याची किल्ली. जुन्या चिठ्ठ्यांत कोणत्या गोष्टी समोर आणायच्या हे ज्यानं त्यानं आपल्या मर्जीनं, आडवळणानं लिहून ठेवलं होतं. मशीनला ते ठरवता येत नव्हतं. एक सोपी वाट होती. एका ओळीत सगळंच समोर आणून टाकायचं. साईट लगेच चालते. दाराची कडी अडकते म्हणून दारच काढून ठेवावं, तसं.

धनराजभाऊंनी तिला पेढा भरवला. “एक जानेवारीले तू पक्की,” ते सगळ्यांसमोर म्हणाले. “कंत्राट-बिंत्राट बंद.” तिनं त्याच दिवशी घरी फोन केला. बायनाबाईनं फोनवरच विचारलं, “पक्की म्हंजे कोनी काढू नाई शकत ना?” पक्की नोकरी त्या घरात आजवर कोणालाच लागली नव्हती.

मग पुण्याच्या कंपनीत हे काम पाहणाऱ्या मॅडमना व्हिडिओवर काम दाखवायचा दिवस आला. मॅडमनी कौतुक केलं, चिठ्ठ्या एकामागून एक वर सरकत गेल्या, आणि एका ठिकाणी त्यांनी थांबवलं.

“हे ‘इथी’ काय आहे? कुणा मुलीचं नाव आहे का?”

पलीकडे दोघं-तिघं हसले. अलीकडे टायरच्या दुकानावरच्या खोलीतही हसले, धनराजभाऊ सगळ्यांत मोठ्यानं. संघप्रियाचे कान तापले.

“‘इथे’, मॅडम. आमच्याकडे इथी म्हणतात. तिथं मशीनला कळत नाही. माणसानं पाहायचंय.”

“अच्छा,” मॅडम म्हणाल्या. “पण आम्ही वर शंभर टक्के आपोआप असं सांगून बसलोय.”

फोन बंद झाल्यावर भाऊंनी तिला आत बोलावलं.

“पोरी, एक्केचाळीस जागी तुह्या मशीननं हात वर केले.”

“हात वर नाई केले भाऊ. बोट दाखवलं.”

“ते ओळ काढून टाक.”

“मंग तिथी काय लिवू?”

“जे चालन ते.”

“चालन भाऊ, पन बरोबर नाई राहन.”

भाऊ हसले. “तू लय शहानी हाय. म्हनून तं पक्की करून राह्यलो. पन शहान्या मानसानं कुठी थांबावं हेबी समजलं पाह्यजे.”

तिनं आठ दिवस मागितले. एक्केचाळीसही जागा स्वतःच्या हातानं पाहून देते म्हणाली. भाऊंनी मान हलवली. “बरं, पाहू.” आमच्याकडे ‘पाहू’चा अर्थ बहुधा ‘नाही’ असा असतो. दोन पायल्यांतला फरक ओळखणाऱ्या पोरीनं हा शब्द मात्र पुस्तकातल्या अर्थानं घेतला.

दोन दिवसांत तिनं अकरा जागा उलगडल्या. तिसऱ्या दिवशी देवाजींच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. ती दोन दिवस गावी गेली. परत येऊन पाहते तर एक्केचाळीसच्या एक्केचाळीस चिठ्ठ्या पुण्याला पोचलेल्या. उरलेल्या तिसांत ती ओळ नव्हती. त्या जागी सगळं समोर आणणारी सोपी ओळ होती.

“प्रफुलभाऊ, हे कोनं केलं?”

प्रफुल स्क्रीनकडेच पाहत राहिला. “भाऊनं सांगतलं.”

“तुमी पाह्यलं तरी का काय काय बाहेर येऊन राह्यलं ते?”

“तीस होते ना ताई. एका दुपारी पाह्यजे होते.”

ती भाऊंकडे गेली, एकदा सांगितलं. भाऊ म्हणाले, “अकरा तूनं पाह्यले, तीस प्रफुलनं पाह्यले समज.” हेही सांगितलंच पाहिजे, की दुसऱ्यांदा ती गेली नाही. मॅडमचा नंबर तिच्याजवळ होता. जानेवारीला तीन आठवडे उरले होते, आणि देवाजींच्या डोळ्यावर अजून हिरवी पट्टी होती. तिनं फोन हातात घेतला आणि ठेवून दिला.

बाराव्या दिवशी पुण्याहून निरोप आला. कोणीतरी त्यातल्या एका वेबसाईटमधून ईमेलची किल्ली उचलली होती, आणि त्या कंपनीच्या नावानं हजारो लोकांना फसवी पत्रं गेली होती. किल्ली कुठेही लपवलेली नव्हती. वेबसाईट उघडणाऱ्या कोणालाही ती वाचता येत होती. मॅडमनी एकच विचारलं: हे कोणाचं काम?

प्रफुलनं प्रोग्राम पुण्याला पाठवताना नव्या जागी उतरवून पाठवला होता, त्यामुळे कोणी कधी काय बदललं याचा माग मागेच राहिला. पुण्यात दाखवलेल्या पानांवर फक्त कंपनीचं नाव होतं, संघप्रियाचं कुठेच नव्हतं. पण प्रोग्रामच्या अगदी माथ्यावर तिनं हौसेनं एक ओळ लिहिली होती: ‘लेखिका: संघप्रिया देवाजी खोब्रागडे, कुरखेडा’. ती काढायची राहून गेली होती. सगळ्या कामात तिचं नाव तेवढ्या एका जागी होतं, आणि पुण्यानं ते वाचलं.

तिनं ऑफिसच्या मशीनवरची आपली जुनी प्रत उघडली आणि भाऊंसमोर ठेवली. एक्केचाळीस जागा, एक्केचाळीस ओळी. भाऊंनी शांतपणे पाहिलं.

“हे पुन्याले दाखवलं तं काय होईन माहीत हाय? मालकानं जानून काढलं असं होईन. काम जाईन. सात घरं हायेत इथी, संघा. प्रफुलच्या घरी पुढच्या महिन्यात लेकरू हाय.”

प्रफुल दाराशी उभा होता. तो खाली पाहत होता.

“मंग मी काय करू?”

“एक पत्र लिवून दे. नजरचुकीनं झालं म्हन. नवीन पोरगी, नजरचूक, लोक माफ करते. अन् तुले कोनी हात लावनार नाई. एक जानेवारीले पक्की. माहा शब्द.”

संघप्रियानं खुर्चीत बसून ते पत्र टाइप केलं. तीन ओळींचं होतं. ‘सदर प्रोग्राममधील चूक माझ्या नजरचुकीने झाली.’ जिथे कळत नाही तिथे थांबायला तिनं मशीनला शिकवलं होतं. आपल्याला पुरतं कळत असताना ती थांबली नाही. पत्र पूर्ण केलं, खाली नाव लिहिलं, आणि मामांच्या क्वार्टरकडे जाणारी बस धरली.

पुण्यानं माफ केलं, काम राहिलं. अट एवढीच घातली की या नावाची व्यक्ती आमच्या कामावर नको. भाऊंनी ते सांगताना डोळ्यांत पाणी आणलं, आणि ते पाणी खोटं नव्हतं. “मी तं लय सांगतलं त्यायले,” ते म्हणाले. एकतीस डिसेंबरला कंत्राट संपलं. निघताना प्रफुलनं तिला डब्यातली अर्धी पोळी देऊ केली. तिनं घेतली नाही. रात्री त्याचा मेसेज आला, ‘सॉरी ताई’. जानेवारीत मुलगी झाल्याचाही आला, आणि तिनं अभिनंदन कळवलं.

नागपूरच्या दोन कंपन्यांत तिनं मुलाखती दिल्या. पहिल्यांनी आधीच्या ठिकाणी चौकशी केली आणि उत्तर पाठवलं नाही. दुसऱ्यांनीही चौकशी केली होती; त्यांनी तोंडावर विचारलं, “ते पत्र तुम्हीच लिहिलं होतं ना?” ती ‘हो’ म्हणाली. ते खरंच होतं.

ती गावी परतली तेव्हा बायनाबाईनं आठ दिवस काही विचारलं नाही. नवव्या दिवशी भाकरी थापताना म्हणाली, “ईटच बरी होती वं. फुटली तं दिसते तरी.” देवाजींना एका डोळ्यानं आता स्वच्छ दिसत होतं. लेकीकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि मग दुसरीकडे पाहिलं.

बाजाराच्या दिवशी रामाजी गुरुजी भेटले. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती; पिशवीत मेथीची जुडी, पायात तीच काळी चप्पल. त्यांच्या कानावर आलं होतं. तिनं ‘जयभीम गुरुजी’ म्हटलं. त्यांनी तिला बाजूला, कडुलिंबाखाली नेलं, आणि प्रफुलनं काढलेल्या त्या ओळीचं सगळं तिच्याच तोंडून नीट ऐकून घेतलं.

“येक सांग पोरी. ते ओळ तूनं आपल्या हातानं तं नाई ना पुसली?”

“नाई गुरुजी.”

“मंग झालं तं! मी लोकायले सांगतोच हावो, आपली पोरगी अंदाजपंचे...”

“ओळ नाई पुसली,” ती मध्येच म्हणाली. “मी दुसरं लिवून देल्लं. अन् ते अंदाजानं नाई देल्लं.”

चाळीस वर्षं शिकवलेल्या माणसाजवळ अशा वेळी एखादं वाक्य असायला हवं. त्यांनी मेथीची जुडी तिच्या हातात दिली, ‘आईले दे’ म्हणाले आणि वळले. थोडं पुढे जाऊन मागे पाहिलं तर ती तिथेच, जुडीची देठं सारखी करत उभी होती.

तिचा प्रोग्राम अजून चालतो, असं प्रफुलकडून कळलं. अडलेल्या जागी आता पुन्हा थांबतो म्हणे. ओळ मात्र इंग्रजीत आहे, आणि माथ्यावरचं नाव काढलेलं आहे.

संघप्रिया आता कुरखेड्याला बसस्टँडसमोरच्या टायपिंग क्लासात मराठी टायपिंग शिकवते. सरकारी परीक्षेत शब्द पुस्तकातलाच लागतो, म्हणून मुलांनी ‘इथी’ टाइप केलं तर ती त्याखाली लाल रेघ मारते. सकाळच्या दोन बॅच तिच्याकडे आहेत. संध्याकाळची क्लासचा मालक स्वतः घेतो.